बॅजवरचे शून्य आणि भरपाईचा दावा

मा. संपादक,

अमेरिकेतील अणुचाचण्यांच्या झळा बसलेल्यांना व युरेनियम खाणकामगारांना मिळणारी 'रेका' भरपाई जुलै 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याबद्दल बोलताना अण्वस्त्र कारखान्यांतले कामगारही त्यातच धरले जातात. ही गल्लत आहे. हॅनफोर्ड, ओक रिज, रॉकी फ्लॅट्स अशा अण्वस्त्र कारखान्यांतील कामगारांसाठी 2000 साली वेगळा कायदा झाला. त्याच्या 'बी' भागात दीड लाख डॉलर एकरकमी आणि उपचारखर्च मिळतो. 2004 मध्ये आलेल्या 'ई' भागात रसायनांमुळे झालेले आजारही येतात. अपंगत्व व बुडालेला पगार मिळून कमाल अडीच लाख.

घोडे अडते कर्करोगाच्या दाव्यात. 'नायॉश' ही सरकारी संस्था फिल्म बॅज (कामगाराच्या अंगावरचा किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) आणि लघवीच्या तपासण्यांवरून शरीराला मिळालेल्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचा हिशेब मांडते. त्या मात्रेमुळेच कर्करोग झाल्याची शक्यता 50 टक्के भरली, तरच 'बी' भागाची रक्कम. हिशेबातल्या अनिश्चिततेचा फायदा कामगाराला देण्यासाठी 99व्या शतमकावरचा, म्हणजे संभाव्य अंदाजांच्या जवळजवळ वरच्या टोकाचा आकडा घेतात. बॅजवर शून्य असले तरी किरणोत्सर्ग झालाच नाही असे नव्हे, तो बॅजला टिपता आला नाही एवढेच. म्हणून अशा शून्याच्या जागी सहसा मोजमर्यादेच्या, म्हणजे बॅजला टिपता येणाऱ्या किमान मात्रेच्या, निम्मी मात्रा धरतात. हे न्याय्यच आहे.

पण नोंदीच नसतील तर? त्यासाठी 'विशेष गट' आहेत. ठरावीक कारखान्यात, ठरावीक काळात 250 दिवस काम आणि 22 पैकी एक कर्करोग, एवढे पुरते. मात्रेचा हिशेब नाही. प्रोस्टेट व त्वचेचा कर्करोग मात्र या यादीत नाही. तिथे पुन्हा हिशेबच करावा लागतो आणि नकार आला की घरचे हात टेकतात. टेकू नयेत. नकाराच्या शिफारशीवर 60 दिवसांत हरकत घेऊन सुनावणी मागता येते. पुढे दुसरा प्राथमिक (पहिल्याचा प्रसार नसलेला, स्वतंत्र) कर्करोग निघाला तर दोन्हींची शक्यता एकत्र धरून फेरहिशेब होतो.

कंत्राटदार बुडाला, कागद गेले, तर सामाजिक सुरक्षा खात्यातील कमाईच्या नोंदी आणि सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. निदानाचा वैद्यकीय पुरावा, शक्यतो बायोप्सीचा अहवाल, हवाच.

एक तरतूद मात्र सरळ अन्यायाची आहे. कामगाराच्या मृत्यूवेळी सज्ञान व कमावती असलेली मुले 'बी' भागात वारस ठरतात, 'ई' भागात नाहीत. आजार उतारवयात उद्भवतात, तोवर मुले मोठी झालेलीच असतात.

'रेका'चे अर्ज 31 डिसेंबर 2027 पर्यंतच. कारखाना कामगारांच्या कायद्याला अशी अंतिम तारीख नाही. पूर्वी मुदत हुकली समजून गप्प बसलेल्यांनी आजही अर्ज करावा.

— एक वाचक, ठाणे