सर, तुमच्या गाडीचा डावा आरसा

सर, नमस्कार.

मला पत्रबित्र लिहायची सवय नाही. गॅरेजमध्ये लिहिणं म्हणजे बिलाच्या पाठीमागं ‘ऑइल बदललं, चेन टाइट केली, 350 बाकी’ एवढंच. पण काल संध्याकाळी पोरीनं तुमच्या चित्रकलेच्या तासाला स्वतः कोरून छापलेली ती प्रिंट आणून पान्यांच्या बोर्डाच्या वर खिळा ठोकून लावली, शटर ओढायच्या आधी मी परत एकदा बघितली आणि घरी आल्यावर झोपच लागेना, म्हणून आता मोबाईलवर टाइप करत बसलोय. समोर येऊन बोलावं तर मला माहितीय काय होणार, घसा दाटून येणार आणि मी उगाच तुमच्या गाडीच्या ॲव्हरेजवर बोलत बसणार. म्हणून हे सगळ्यांच्या समोर लिहितोय. ज्यांनी वाचायला पाहिजे ते पण वाचू देत.

आधी मागचं थोडं सांगतो, राग आहे अजून, तो एकदा काढू दे.

2019 चा सांगलीचा पूर. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, आमचं गॅरेज पत्र्यापर्यंत पाण्यात. पोरगी तेव्हा तिसरीत. पाणी उतरल्यावर आम्ही मोठी माणसं चिखल उपसतोय आणि ही भिंतीवर पुराची जी रेघ उठली होती तिच्या खाली खिळ्यानं मासे कोरत बसलेली. रेघेच्या वर एक मासा नाही, सगळे खाली. मला तेव्हा त्याचं काडीचं कौतुक वाटलं नाही, खोटं कशाला बोलू, मी ओरडलो, झाडू धर म्हणून. पुढं शाळेत ‘पावसाळ्यातील दृश्य’ आलं तर हिनं पूर काढला आणि पाणी रंगवलं चहासारखं. तेव्हाच्या सरांनी खाली लाल पेनानं लिहिलं, ‘पाणी निळे असते.’ अहो, कृष्णेला पूर आलेला ज्यानं एकदा बघितलाय त्याला विचारा पाणी कुठल्या रंगाचं असतं! सांगलीत राहून निळा पूर! शाळेचं नाव घेत नाही, पण त्यानंतर दोन वर्षं हिनं पाणी म्हणून जे काही काढलं ते निळंच काढलं, हे मात्र सांगतो.

पाचवी-सहावीत चित्रकलेचा तास फक्त टाइमटेबलवर. गणिताचा पोर्शन राहिला की तो तास गणिताला, आणि पोर्शन राहिला नाही असं कधी झालंच नाही. मग चित्रकलेच्या सरकारी एलिमेंटरी परीक्षेसाठी एक क्लास लावला. तिथं तर कमालच. स्मरणचित्राला तीन चित्रं पाठ करून घ्यायची, बाजार, जत्रा आणि बसस्टॉप. पेपरात काय पण येऊ दे, त्यातलंच एक फिरवून बसवायचं. डोक्यावर पाटी घेतलेली एकच बाई, ती कधी बाजारात, कधी जत्रेत, कधी एसटीची वाट बघत. स्मरणचित्र म्हणजे आठवून काढायचं चित्र असं मी आपलं समजत होतो. पोरीला ती बाई पाठ होईना तर क्लासवाल्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हिचा हात चित्रकलेचा नाही. फी मात्र पूर्ण वर्षाची घेतलेली.

आणि मी तरी कुठला शहाणा. माझा हिशोब एवढाच की एलिमेंटरीच्या पुढच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला 7 मार्क, बी ला 5, सी ला 3. हात नाही म्हटल्यावर मी पण म्हटलं जाऊ दे, चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय. हे मी तिच्यासमोर बोललोय सर. ते आता परत घेता येत नाही.

मग आठवीत शाळा बदलली आणि तुम्ही भेटलात.

पहिल्या महिन्यातच पोरगी घरी येऊन म्हणाली, सरांनी भंगार मागितलंय. मला वाटलं मस्करी. वस्तुचित्राला सगळीकडं तांब्या, वाटी आणि प्लास्टिकचं सफरचंद ठेवतात, तुम्ही म्हणे जुना कार्बोरेटर आणा, घासलेलं स्प्रॉकेट आणा, ब्रेक शू आणा. मी एक पोतं भरून दिलं. आठ दिवसांनी तिची वही बघितली. कार्बोरेटर. नुसता नळ्या-बिळ्यांचा आकार नाही, खालच्या फ्लोट बाऊलचा एक स्क्रू त्या पीसला नव्हता, मीच कधीतरी काढून दुसऱ्याला लावलेला, तर हिनं तिथं रिकामं भोक काढलेलं आणि भोकाच्या आत अंधार, 6 बी पेन्सिलनं दाबून. माझ्याकडं कामाला असलेल्या पोराला ते भोक दोन वर्षांत दिसलं नव्हतं. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हणाली, सर एवढंच म्हणतात, माहितीतलं काढू नको, समोरचं काढ.

रंगाचं पण तेच. तुम्ही पोरांना सरकारी घाटावर नेलंत आणि म्हणालात, पाण्याचा रंग करून दाखवा, चित्र नको, नुसता रंग. ती घरी आली ती हाताला सगळा यलो ऑकर आणि बर्न्ट सायना लागलेला, थोडा निळा पण घालावा लागतो म्हणाली, नाहीतर नुसता चिखल होतो. सर, त्या दिवशी तिनं त्या लाल पेनानंतर पहिल्यांदा कृष्णेचं पाणी कृष्णेच्या पाण्यासारखं रंगवलं.

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या ट्रिपचं सगळं लिहीत बसलो तर रात्र सरेल. औंधचे राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी 1938 साली तिथलं म्युझियम उभं केलं, ते स्वतः चित्रं काढायचे, हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल एवढ्याशा गावात येऊन बसलंय, हे सगळं मला गाडी चालवायला आलो म्हणून कळलं. पण रवि वर्म्याच्या खऱ्या चित्रासमोर उभं करून तुम्ही जे सांगितलंत ते डोक्यात बसलं. आमच्या दुकानातली कॅलेंडरवरची लक्ष्मी कुठल्या वाटेनं आली ते. ह्या माणसानं 1894 साली मुंबईत प्रेस काढला, चित्र दगडावर उतरवायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि कागद सगळ्या दगडांवरनं फिरवून आणायचा, एक दगड केसभर सरकला की देवीचे ओठ गालावर. मी आयुष्यभर ज्या चित्राला उदबत्ती ओवाळली ते छापलेलं होतं आणि छापणं पण एक कला आहे हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

आता त्या दिवसाचं. त्यासाठीच लिहायला बसलोय.

लिनोकटचं चालू होतं, म्हणजे लिनोच्या रबरासारख्या तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं. लिनो सगळ्यांना परवडत नाही म्हणून काही पोरांनी जुन्या स्लिपरचे तळ आणलेले. लिनो कडक होता तर तुम्ही तुकडे उन्हात गाडीच्या सीटवर पसरून ठेवलेले, मऊ पडावेत म्हणून. दुसरा हात कटरच्या पुढं आणायचा नाही हे पोरं पाढ्यासारखं म्हणत होती. तुम्ही शाई पुसायला वेस्ट, म्हणजे गॅरेजात हात पुसायचा सुताचा गुंता, मागितलं होतं, ते द्यायला मी आलो आणि दारातच थांबलो, कारण आत सगळी हसत होती आणि माझी पोरगी रडत होती.

तिनं आमचं गॅरेज कोरलं होतं. डबल स्टँडला लावलेली गाडी, खाली बसलेला मी, मागं पाने, आणि वर मोठ्या अक्षरात ‘गॅरेज’. पंधरा दिवस कोरत होती. रोलरनं शाई लावली, कागद ठेवला, पळीच्या पाठीनं घासला, कागद उचलला आणि सगळी अक्षरं उलटी. मात्रा पलीकडं, ग चा काना अलीकडं. कोणीतरी म्हणालं, हे काय उर्दू गॅरेज काय. आणि ती वाढदिवसाला मला द्यायला करत होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला वाटलं आता तुम्ही दोनातलं एक करणार. एकतर म्हणणार आधीच सांगितलं होतं ना उलटं कोरायचं, आणि सांगितलं होतंच तुम्ही, तिनंच नंतर कबूल केलं. नाहीतर तो लिनो घेऊन स्वतः नवीन कोरून देणार, बऱ्याच शाळांत प्रदर्शनातली चित्रं सरांचीच असतात, पालकांना काय कळत नाही असं नाही.

तुम्ही दारात आलात, मला बघितलंत, आणि विचारलंत, “चौदाचा पाना आहे का हो तुमच्याकडं?”

पाना माझ्या डिकीत असतोच. मला वाटलं गाडीचं काहीतरी झालंय. तुम्ही पार्किंगमध्ये नेलंत आणि म्हणालात, डावा आरसा काढा. मी काढला. का काढतोय ते विचारलं पण नाही, सरांनी सांगितलं, काढला. तुम्ही रुमालानं पुसलात, आत गेलात, आणि तिच्या बाकावर त्या ओल्या प्रिंटच्या कडेला आरसा उभा धरलात. काही बोलला नाहीत. तिनं डोळे पुसत आरशात बघितलं.

गॅरेज.

सरळ. मात्रा जागेवर, काना जागेवर. मगाशी हसत होती ती पोरं पण सगळी येऊन वाकून बघायला लागली, एकमेकांच्या डोक्यावरनं. तुम्ही म्हणालात, “वाचता येतंय की. चुकलं कोण म्हणतंय?” आणि मग माझ्याकडं वळून, वर्गासमोर, “ह्यांना विचारा, ॲम्ब्युलन्सच्या पुढं उलटं का लिहितात.” माझे हात काळे, शर्टावर ग्रीस, आणि मी चाळीस पोरांना शिकवतोय की पुढच्या गाडीवाल्याला आरशात सरळ वाचता यावं म्हणून. माझ्या पोरीनं तेव्हा माझ्याकडं बघितलं ना सर, तसं तिनं माझ्याकडं कधी बघितलेलं नव्हतं.

मग तुम्ही मिरजेचं सांगितलंत. 1805 साली आपल्या मिरजेत पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवरनं गीता छापून घेतली. म्हणजे कुणीतरी तांबट बसून एकेक अक्षर उलटं कोरत होता, अख्खी गीता. मिरज म्हणजे सतार आणि दवाखाने एवढंच आम्हाला माहीत. शेजारच्या गावात सव्वादोनशे वर्षांपूर्वी एक माणूस उलटी अक्षरं कोरत होता आणि आज बाकावर एक पोरगी उलटं कोरायचं विसरली म्हणून रडतेय, हे असं तुम्ही शेजारी शेजारी ठेवलंत की रडणं कधी थांबलं तिला पण कळलं नाही.

ती म्हणाली नवीन कोरणार नाही, हेच छापणार. तुम्ही पाच काढू दिल्यात. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलनं नंबर, उजवीकडं सही, शाईपेननं नाही, पेन्सिलनंच, मोठे आर्टिस्ट करतात तशी. 1/5 माझी. 5/5 तुम्ही मागून घेतलीत, नुसती नाही घेतलीत, बदल्यात तुमची स्वतःची एक प्रिंट तिला दिलीत, छापणारे लोक आपापसात अशी अदलाबदल करतात म्हणालात. नववीतल्या पोरीला तुम्ही छापणाऱ्या लोकांत बसवलंत. ती प्रिंट तिनं उशीखाली ठेवली होती, आईनं ओरडून कपाटात ठेवायला लावली.

माझ्याकडं रोज माणसं येतात. गाडी ढकलत येतात, घाईत असतात, मी सांगतो क्लच प्लेट गेलीय, तर म्हणतात तात्पुरतं काहीतरी करून द्या. शाळाबिळांत पण बहुतेक तात्पुरतंच चालतं असं मला वाटायचं, परीक्षेपुरतं, ग्रेडपुरतं, आणि त्यात मी पण आलो. पोरगी रडतेय म्हटल्यावर भर तासाला गाडीचा आरसा काढायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? पगारात नाही ते. कुठल्या परीक्षेला नाही. माणूस चांगला असला की त्याला असलं काहीतरी पटकन सुचतं बहुतेक, बाकीच्यांना आपलं लाल पेन सापडतं.

पोरगी सांगत होती तो आरसा वर्गातच खिळ्याला लावलाय, कोरायच्या आधी सगळी पोरं पेन्सिलचं ड्रॉइंग त्यात बघून घेतात. परवा विश्रामबागच्या सिग्नलला तुम्ही माझ्या पुढं होता, हेल्मेट होतं त्यामुळं हाक मारली नाही. डाव्या बाजूला अजून तशीच भोकाला टोपी.

सर, तुमच्या मॉडेलचा आरसा मी मागवून ठेवलाय. कंपनीचा आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर गाडी घेऊन या, पाच मिनिटांचं काम. वर्गातला आरसा तिथंच राहू दे. आणि पैशाचा विषय काढलात तर उजवा पण काढून घेईन.