रफीसाहेबांच्या कबरीला येण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रफीसाहेबांच्या कबरीवर डोकं टेकवायचं तुमच्या मनात आहे, तर एक गोष्ट आधीच सांगते. तिथं त्यांच्या नावाची कबर आता नाही. सांताक्रूझ पश्चिमेच्या जुहू मुस्लिम कब्रस्तानात १९८० साली दफन झालं, पण २०१० मध्ये नव्या दफनांसाठी जागा करताना त्यांची कबर काढली गेली. मधुबाला, साहिर, तलत महमूद, नौशाद यांच्याही गेल्या. मुंबईत कब्रस्तानाला जागा तोकडी, त्यामुळं काही वर्षांनी त्याच मातीत दुसरं माणूस ठेवतात. पक्की कबर बांधणं धर्माला धरून नाही, असं मानणारेही पुष्कळ आहेत. म्हणून कुणावर राग धरू नका. चाहते जवळच्या नारळाच्या झाडावरून जागा ओळखतात आणि तिथंच उभे राहतात. संगमरवर, नाव, तारीख शोधत फिरलात तर हिरमोड होईल.

चाहते दोन दिवशी जमतात, ३१ जुलैला पुण्यतिथी आणि २४ डिसेंबरला जयंती. जुलै नकोच. कब्रस्तानातली माती पावसात निसरडी होते, बाबांचा गुडघा त्यात टिकायचा नाही आणि इकडं सोयाबीनची फवारणीही तेव्हाच असते. डिसेंबरात हरभऱ्याच्या पाण्याचं काका बघतील, म्हणजे त्यांना सोबत आणायचा बेतही आपोआप मिटला!

तो मिटलेलाच बरा. रेल्वेत साठीपुढचे पुरुष आणि ४५ च्या पुढच्या बायका यांना खालच्या बर्थचा कोटा आहे, पण एका तिकिटावर दोनच माणसं असतील तर. तिसरं नाव घातलं की कोटा जातो आणि आईला वर चढावं लागतं. काका यायचेच म्हणाले तर त्यांचं तिकीट वेगळं काढा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २३ डिसेंबरच्या देवगिरी एक्स्प्रेसचं २४ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता उघडेल. नाताळच्या सुट्ट्यांमुळं ते लगेच भरतं, तेव्हा परभणी स्टेशनच्या खिडकीवर वेळेआधी उभे राहा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र २०२० पासून बंद आहे, खिडकीवर वाद घालू नका.

सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरलाच उतरा, मी फलाटावर असेन. दादरहून रिक्षा मिळत नाही, रिक्षा वांद्र्याच्या पुढंच चालतात. ऑफिसची गर्दी ओसरल्यावर, अकराच्या पुढं, बोरिवलीकडची धीमी लोकल धरू. सांताक्रूझ पाचवं स्टेशन. पश्चिमेला बाहेर पडून रिक्षा करू.

आई, पिशवीतलं हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती घरीच ठेव. गुलाबाच्या पाकळ्या पुरेत, त्या मी घेते. दोघींनी डोक्यावरून पदर-ओढणी घ्यायची, बाबांनी टोपी किंवा रुमाल. काही कब्रस्तानांत बायकांना आत सोडत नाहीत. फाटकावर आधी विचारू. नाही म्हणाले तर आपण दोघी बाहेर थांबू, हुज्जत घालायची नाही. मातीच्या उंचवट्यांवर पाय पडू देऊ नका, ज्यावर दगड नाही तीही कुणाची तरी कबर असते. जनाजा आला तर बाजूला होऊन वाट द्यायची. आणि बाबा, मोबाइलवर गाणं लावायचं नाही, बारीक आवाजातही नाही. तुम्हाला ते जड जाईल, ठाऊक आहे.

फोटोसाठी नाव हवंच असेल तर परतताना वांद्र्याला उतरू. तिथं त्यांच्या नावाचा चौक आहे, पद्मश्री मोहम्मद रफी चौक. पद्मश्री त्यांना १९६७ ला मिळाली. कब्रस्तानात न सापडणारी पाटी तिथं सापडेल.

बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. तिकीट निघालं की डबा आणि बर्थ नंबर फोनवर कळवा.

तुमची लेक