बाकी काढण्यामागचे कारणही शिकवावे

महोदय,

बहुपदींच्या भागाकारात बाकी कशी काढावी हे शाळेत शिकवले जाते, पण ती रीत का लागू पडते हे सांगण्याची घाई कोणालाच नसते. शेष सिद्धांत आला की फळ्यावर एकच ओळ लिहिली जाते: भाजक ‘क्ष − २’ असेल तर क्षच्या जागी २ ठेवा, येईल ती बाकी. उत्तर बरोबर येते, गुणही मिळतात. मात्र २ च का ठेवायचे, असे विचारले की बहुतेक मुले गप्प बसतात.

वास्तविक कारण अगदी हाताशी आहे. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, हे नाते क्षच्या प्रत्येक किमतीला खरे असते; म्हणून भाजक शून्य करणारी किंमत घेतली की भागाकार कितीही लांबलचक असला तरी त्याचे पद नाहीसे होते आणि बाकी तेवढी उरते. शिवाय बाकीची कोटी, म्हणजे तिच्यातील क्षचा सर्वांत मोठा घातांक, भाजकाच्या कोटीपेक्षा कमीच असावी लागते, त्यामुळे ‘क्ष − २’ सारखा रेषीय (एक कोटीचा) भाजक असताना बाकी ही निव्वळ एक संख्या असते.

एवढे ज्याला उमगले, तो क्षचा शंभरावा घात + २क्ष + ३ या राशीला ‘क्षचा वर्ग − १’ ने भागताना दीर्घ भागाकार मांडत बसणार नाही. भाजक द्विघाती, म्हणून बाकी ‘अक्ष + ब’ अशा रूपाची. क्ष = १ घेतल्यास अ + ब = ६ आणि क्ष = −१ घेतल्यास −अ + ब = २ मिळते; म्हणजे बाकी २क्ष + ४. नुसता नियम पाठ केलेला विद्यार्थी इथे पहिल्याच पायरीवर अडतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

संश्लेषक पद्धतीचेही, म्हणजे रेषीय भाजक असताना केवळ सहगुणक मांडून भागाकार करण्याच्या रीतीचेही, तेच. भाजक ‘२क्ष − १’ असताना १/२ घेऊन बाकी बरोबर येते, परंतु मिळालेल्या भागाकाराला २ ने भागावे लागते, हे वरचे नाते मनात असल्याशिवाय सुचत नाही.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, ‘बाकी काढा’ या प्रश्नाला जोडून, ती किंमत घेतल्यावर भागाकाराचे पद का नाहीसे होते हे लिहायला सांगणारा एका गुणाचा उपप्रश्न त्यांनी घालावा. परीक्षेत विचारले जाऊ लागले, की वर्गातही ते शिकवले जाईल.

आपला विश्वासू,
एक गणित शिक्षक