पेढे सर्जनला, फॉर्म आम्हाला

‘रेडिओलॉजिस्टचं बरं असतं, एसीत बसायचं आणि पैसे मोजायचे,’ हे वाक्य तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केंद्र चालवताना मी गेली १८ वर्षे ऐकतो आहे. एसी आहे, हे कबूल. तो मशीनसाठी आहे.

दिवसभर रुग्णाच्या अंगावर फिरवायचा प्रोब दाबून उजवा खांदा कायमचा धरलेला. त्यात प्रत्येक गर्भवतीचा ‘एफ’ फॉर्म, म्हणजे तिच्या सोनोग्राफीची कायद्याने ठेवावी लागणारी नोंद. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तो हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण फॉर्मवर एक सही राहिली तरी मशीनला सील लागण्याची टांगती तलवार असते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नोंदींच्या बाबतीत सूट नाकारली. त्यामुळे रोज रात्री शटर ओढून मी आणि बायको गठ्ठा घेऊन बसतो, मास्तर वह्या तपासतात तसे. किरकोळ चूक आणि खरा गुन्हा यांना निदान वेगवेगळी शिक्षा असावी, एवढेच म्हणणे आहे.

तरी हे काम सोडवत नाही. परवा ‘गॅस झालाय’ म्हणत एक बाई आली. पडद्यावर पाहतो तर गर्भाशयाऐवजी नळीत रुजलेला गर्भ फुटून पोटात रक्त साठलेले. तिथूनच सर्जनला फोन लावला, अर्ध्या तासात ती टेबलावर. बाई वाचली. आठवड्याने तिच्या घरून पेढ्यांचा पुडा आला, अर्थात सर्जनकडे. त्यातले दोन त्याने मला पाठवले.

– एक रेडिओलॉजिस्ट, जि. सातारा