पुन्हा क्रोशाकडे वळणाऱ्याला कोणते पुस्तक द्यावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छंद जोपासणाऱ्यांना कोणती भेट द्यावी, याविषयी आपल्या पुरवणीत नुकताच जो लेख आला, त्यात क्रोशाकाम करणाऱ्यांसाठी 'नवशिक्यांचे सचित्र पुस्तक' हा एकच पर्याय सुचवला होता. पहिल्यांदाच सुई हाती धरणाऱ्याला ते उपयोगी पडेल, यात शंका नाही. परंतु ज्यांनी हे काम पूर्वी वर्षानुवर्षे केले, मग नोकरी, मुलांची आजारपणे किंवा एखादे दुःख यांमुळे ते बाजूला ठेवले आणि आता पंधरा-वीस वर्षांनी ज्यांना पुन्हा त्याची ओढ लागली आहे, अशांचाही एक वर्ग असतो. त्यांचा विचार लेखात कोठेच नव्हता. अशा व्यक्तीला पहिल्या पायरीचे पुस्तक देणे म्हणजे तिने कमावलेल्या हाताकडे दुर्लक्ष करणे होय, असे मला मनापासून वाटते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. माझ्या मोठ्या बहिणीने अठरा वर्षांच्या खंडानंतर क्रोशे पुन्हा सुरू केले, तेव्हा मी तिला असेच एक पुस्तक दिले होते. त्याची पहिली चाळीसेक पाने सुई कशी धरावी, दोरा बोटांतून कसा घ्यावा आणि साखळी कशी घालावी, यांतच खर्ची पडली होती. ताईने ते प्रेमाने स्वीकारले, पण ते कपाटातून पुन्हा बाहेर आल्याचे मला आठवत नाही. सुई बोटांत येताच दहा मिनिटांत साखळ्या आणि खांब (उंच टाके) तिच्या हातून आपोआप पडू लागले होते. तिचे अडत होते ते निराळ्याच ठिकाणी. विणलेल्या तुकड्याकडे पाहून टाके मोजता येत नव्हते, ओळीच्या अखेरचा खांब हमखास गळत होता आणि नमुन्यातील संक्षेप अनोळखी वाटत होते. विणण्याची सवय हातात जशीच्या तशी होती, वाचण्याची सवय मात्र मोडली होती, आणि त्या पुस्तकात नेमक्या याच गोष्टीला एक पानही दिलेले नव्हते.

म्हणून पुस्तक निवडण्यापूर्वी त्या व्यक्तीची जुनी विणकामाची पिशवी पाहावी, असे मी सुचवीन. तिला काय आवडते हे विचारले तर बहुतेकदा 'काहीही चालेल' असेच उत्तर मिळते, पण पिशवी स्पष्ट बोलते. तीत एक-सव्वा मिलिमीटरच्या पोलादी सुया आणि सुती दोऱ्याचे गुंडे असतील, तर तिचा जीव लेस, बारीक जाळी आणि रुमालाच्या कडा यांत रमत होता. चार-पाच मिलिमीटरच्या सुया आणि लोकर असेल, तर तिला पांघरुणे, शाली आणि टोप्या विणण्याची आवड होती. पिशवीच्या तळाशी अर्धवट राहिलेला एखादा तुकडा असेल, तर तो सर्वांत मोलाचा, कारण कोणत्या कामापाशी हात थांबला ते त्यावरून कळते. लेस विणणाऱ्या हातात जाड लोकरीच्या खेळण्यांचे पुस्तक दिले, तर त्यातील छायाचित्रे कितीही गोड असोत, तिला ते परक्याचेच वाटणार.

आता पुस्तकाविषयी. एकच पुस्तक द्यायचे असेल, तर मी टाक्यांचा कोश देईन. ज्यात शाल, स्वेटर किंवा पिशवी यांच्या कृती नसतात, तर शिंपला, पंखा, अननस, जाळी, उठावाचे खांब अशा विणींचे शंभर-दोनशे चौकोनी नमुने असतात आणि प्रत्येकाखाली तो किती टाक्यांच्या पटीत बसतो एवढेच दिलेले असते, त्या पुस्तकाला मी टाक्यांचा कोश म्हणते. नवशिक्याला असे पुस्तक कोरडे वाटते. परतणाऱ्याला मात्र त्यात तीन गोष्टी एकदम मिळतात. एका संध्याकाळी पुरा होईल एवढा छोटा तुकडा विणता येतो, मापाची चिंता नसते आणि तुकडा मनासारखा उतरला नाही तर उसवून टाकताना जीव तुटत नाही. सुरुवातीलाच अंगात घालायच्या कपड्याचे पुस्तक दिले, तर दहा सेंटिमीटरच्या चौकोनात किती टाके बसतात हे जुळवण्यातच तिचा उत्साह संपतो. शिवाय वीस वर्षांनी हाताचा ताण पूर्वीसारखा राहिलेला नसतो. सैल विणणारी घट्ट विणू लागते, किंवा बोटांचे सांधे दुखू लागल्याने सुई बदलावी लागते. हा नवा ताण ओळखायला छोटे तुकडेच उपयोगी पडतात.

असा कोश घेताना त्यात चिन्हांच्या आकृत्या आहेत का, हे अवश्य पाहावे. साखळीसाठी लहान लंबगोल, मुक्या खांबासाठी, म्हणजे आखूड टाक्यासाठी, फुली किंवा अधिकचे चिन्ह, खांबासाठी वर आडवी दांडी आणि मध्ये एक तिरपी रेघ असलेली उभी रेघ, म्हणजे सुईवर आधी एक वेढा, तिरप्या रेघा दोन असतील तर दोन, अशी ही लिपी आहे. जपानमध्ये विणकामाच्या चिन्हांचे राष्ट्रीय औद्योगिक प्रमाणकच ठरलेले आहे. त्यामुळे जपानी भाषेचे एक अक्षरही न कळणारी व्यक्ती त्या पुस्तकांतील आकृत्यांवरून विणू शकते. वाचण्याची सवय मोडलेल्या ताईसारख्या व्यक्तीला तर आकृती हा मोठाच आधार असतो, कारण आकृती विणलेल्या कापडासारखीच दिसते आणि हातातला तुकडा तिच्याशेजारी ठेवून कोणता खांब गळला ते लगेच ओळखता येते.

केवळ शब्दांत लिहिलेल्या नमुन्यांत आणखी एक मोठी अडचण आहे आणि ती भेट देणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. अमेरिकी पुस्तके ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याच टाक्याला, म्हणजे आपल्या मुक्या खांबाला, ब्रिटिश पुस्तके डबल क्रोशे म्हणतात, आणि अमेरिकी डबल क्रोशे म्हणजे आपला खांब ब्रिटिश पुस्तकांत ट्रेबल होतो. एका पद्धतीवर वाढलेल्या व्यक्तीच्या हाती दुसऱ्या पद्धतीचे पुस्तक पडले, तर पहिल्याच ओळीपासून टाक्यांची उंची चुकत जाते आणि आपण सारे विसरलो, असा तिचा समज होतो. आजच्या पुस्तकात सिंगल क्रोशे हा शब्द दिसला, तर ते अमेरिकी पद्धतीचे आहे हे निश्चित समजावे. सुयांच्या क्रमांकांचेही तसेच आहे. पाच मिलिमीटरच्या सुईला अमेरिकेत एच हे अक्षर आहे, तर जुन्या ब्रिटिश मोजणीत तिचा क्रमांक 6 होता, आणि त्या मोजणीत क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. ज्या पुस्तकात मिलिमीटर दिलेले असतील, तेच घ्यावे.

मधल्या वर्षांत या कलेत जे नवे आले, त्याची ओळख करून देणारे पुस्तकही चांगली भेट ठरते, फक्त ते मूळपासून शिकवणारे नसावे. साखळ्यांचे कडे जोडून गोल सुरू करण्याऐवजी दोऱ्याच्या आवळता येणाऱ्या कड्यातून सुरुवात करणे, आधी लांबलचक साखळी न घालता पाया आणि पहिली ओळ एकत्रच विणणे, लोकरीच्या जाडीची 0 ते 7 अशी प्रतवारी, आणि जपानमधून जगभर गेलेली आमिगुरुमी ही विणलेली खेळणी, हे सारे ताईला नवे होते. पायाची साखळी टाळण्याची युक्ती कळली तेव्हा तिला जो आनंद झाला, तो मी पाहिलेला आहे.

प्रेरणा देणारे पुस्तक म्हणजे गुळगुळीत कागदावरील मोठी छायाचित्रे, असा समज आहे, तो मला पुरता पटत नाही. काही वेळा कलेचा इतिहासच सुईकडे ओढून नेतो. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हा कॉर्क भागातील कॉन्व्हेंटांत आणि क्लोन्स येथे कॅसांड्रा हँड यांच्या पुढाकाराने स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवली गेली आणि ती विकून कित्येक घरे तगली. फुले आणि पाने सुटी विणून मागाहून जाळीने जोडायची, ही त्या लेसची रीत आहे, आणि जाळीतील एका गाठीला आजही क्लोन्सचेच नाव आहे. हे वाचलेली व्यक्ती ती गाठ घालून पाहिल्याशिवाय राहणार नाही. गणिताची आवड असणाऱ्याला दुसरा धागा सापडेल. 1997 मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गणितज्ञ डैना तायमिन्या यांनी ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत नेण्याच्या साध्या नियमाने अतिपरवलयी प्रतल (काठाकडे लहरत पसरत जाणारा, भूमितीतील एक पृष्ठभाग) विणून दाखवले, आणि जे कागदावर कल्पनेनेच समजून घ्यावे लागत होते ते हातात धरता आले. त्याच नियमातून पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी 2005 मध्ये विणलेल्या प्रवाळभिंतीचा उपक्रम सुरू केला, ज्यात देशोदेशींचे हजारो हात सामील झाले. या विषयांवरील पुस्तके कृतीच्या पुस्तकाबरोबर द्यावीत, त्याच्या बदल्यात नव्हे.

बांधणीकडे कोणी लक्ष देत नाही, पण ती अत्यंत महत्त्वाची आहे. विणताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे टेबलावर सपाट उघडे न राहणारे पुस्तक दर ओळीला मिटते. तारेची बांधणी सर्वांत सोयीची. अक्षर आणि आकृत्या मोठ्या असाव्यात, कारण मध्यंतरी डोळ्यांवर चष्मा चढलेला असतो. छायाचित्रांतील नमुने फिक्या रंगाच्या दोऱ्यात विणलेले असावेत, काळ्या-निळ्या लोकरीत टाका दिसत नाही. डावखुऱ्या व्यक्तीसाठी आरशातल्यासारख्या उलट आकृत्या असलेले पुस्तक शोधावे.

शेवटची काळजी फसवणुकीची. गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेली, कोणीही कधी न विणलेली अशी क्रोशाची पुस्तके विक्रीस येऊ लागली आहेत. मुखपृष्ठावरील खेळण्यावर दोन सुयांच्या विणकामातील इंग्रजी व्ही अक्षरासारखे टाके दिसले, किंवा वस्तूचे छायाचित्र एकाच बाजूने असले आणि कृतीच्या टप्प्यांची छायाचित्रे नसली, तर सावध व्हावे. एक तपासणी क्रोशे न येणाऱ्यालाही करता येते. मुक्या खांबांचा सपाट गोल सहा टाक्यांनी सुरू झाला, तर प्रत्येक फेरीत सहा टाके वाढून फेऱ्यांच्या अखेरीस 6, 12, 18, 24 असे आकडे यायला हवेत. फेरीच्या सूचनेपुढे कंसात दिलेली टाक्यांची बेरीज सूचनेशी जुळत नसेल, तर ते पुस्तक खाली ठेवावे. परतलेली व्यक्ती असा चुकीचा नमुना चारदा उसवते आणि दोष स्वतःकडे घेते, हे मला फार लागते.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. पुस्तकांच्या परीक्षणांत क्रोशे आणि विणकामाच्या पुस्तकांनाही अधूनमधून जागा द्यावी, आणि ते परीक्षण त्या पुस्तकातील निदान एक नमुना स्वतः विणून पाहिलेल्या व्यक्तीने लिहावे. पुस्तक अमेरिकी पद्धतीचे आहे की ब्रिटिश, आकृत्या आहेत की नाहीत, ते सपाट उघडे राहते का आणि विणून पाहिलेल्या नमुन्याचे टाके जुळले का, एवढ्या चार गोष्टी त्यात आल्या, तरी भेट देणाऱ्या अनेकांची निवड सोपी होईल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक