१३ वर्षांचा अबलख

प्रिय बाळ,

काल फोन मीच आपटला. तुझे बाबा म्हणाले, "पत्र लिही, फोनवर तू नुसती ओरडतेस." म्हणून लिहितेय. घोडा घेऊ नकोस, असं मी म्हणालेच नव्हते. १३ वर्षांचं जनावर त्याच्या मालकांनी का सोडलं, एवढंच विचारलं. त्यावर तू म्हणालीस, "आई, रंग तर बघ त्याचा!"

बघितला. रात्री तीनदा उठून फोटो बघितला. पाठीवरून ओघळलेले पांढरे पट्टे, चारही पाय पांढरे. देखणा आहे, कबूल. पण अबलख हा नुसता रंग गं, जात नव्हे. त्यावरून ना स्वभाव कळतो, ना पाय. कळतं ते एवढंच की पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते आणि उन्हाने भाजते. नाकपुड्यांभोवती हात लावून बघ. चिखलातही पांढऱ्या पायांना खपल्या लवकर धरतात.

तू पोचलीस तेव्हा खोगीर चढवून तयार ठेवला होता म्हणालीस. ते मला नाही आवडलं. एकदा न कळवता जा. मोकळा असताना धरू देतो का बघ. आधी त्यांच्यातल्या कुणाला तरी बसू दे, मग तू. कडक जमिनीवर दुडकी चालव. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना डोकं वर उचलेल. डॉक्टर तुझा ने, त्यांचा नको, आणि रक्त तपासायला सांग. दुखणं झाकायला औषध देणारे असतात. आणि का सोडला, ते विचार.

वयाची मला भीती नाही. १३ म्हणजे समजूतदार झालेला. पण घोडा २५-३० वर्षं जगतो, बाळ. तुझी नोकरी बदलेल, घर बदलेल, तरी दर सहा-आठ आठवड्यांनी त्याचे खूर बघायला हवेतच. वर्षातून एकदा दात. चारा बदलायचा तर हप्ता-दहा दिवस जुन्यात नवा मिसळत जायचं, त्याच्या पोटाला सवय व्हायला वेळ लागतो. आणि घोड्याला ओकता येत नाही. पोटात बिघडलं की जिवावर बेततं. आणि एकटा ठेवू नकोस, त्याला सोबत लागते...

लागले बघ शिकवायला. माफ कर. तू पाठवलेल्या त्या व्हिडिओत तू त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने गेलीस, आधी आवाज दिलास, मग हात लावलास. हे मी तुला कधी शिकवलं नाही. बाबांना दोनदा दाखवलं.

आमच्या अण्णांची घोडी न्यायला माणूस आला, तेव्हा मी १२ वर्षांची होते. ती जागची हलेना. शेवटी दादाने पुढे होऊन दोर धरला, तशी निघाली गुमान त्याच्यामागून. दादा अजून त्यावर बोलत नाही, तूही विचारू नकोस. त्या माणसाने अण्णांना विचारलं होतं, "का देताय?" अण्णा म्हणाले, "वय झालं तिचं." ११ वर्षांची होती. खोट काहीच नव्हती तिच्यात. आमच्याच घरात त्या वर्षी काय चाललं होतं, ते तुला मावशीने सांगितलंय.

म्हणून विचारते गं, का सोडला. लंगडा असेल तर डॉक्टर सांगेल. पण त्यांनी काही सांगितलं नाही, नुसतं खाली बघितलं, तर फार खोदू नकोस. त्याला कुठल्या हाकेची सवय आहे, तेवढं मात्र त्यांच्याकडून नक्की विचारून घे.

बुधवारी तपासणी झाली की कळव, कितीही उशीर झाला तरी. मी फोन आपटणार नाही. आणि आता फोटो पाठवशील तर रंगाचे नकोत. खुरांचे पाठव, चारही. खालूनसुद्धा.

तुझी,
आई