नाणेघाट रस्त्याची साइडपट्टी दिवाळीआधी भरावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सर्वपित्री अमावास्येच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी जुन्नरहून नाणेघाटाला सायकलने गेलो होतो. चौघींत मी थोरली, एकसष्ट वर्षांची. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले. बाकीच्या तिघींपैकी एक परिचारिका, एक पतसंस्थेत कारकून आणि एकीचं किराणा दुकान. मुलं शिकायला बाहेर गेली तशा त्यांच्या सायकली पडवीत गंजत पडल्या होत्या. त्या दुरुस्त करून चार वर्षांपूर्वी आम्ही रविवारी बाहेर पडायला लागलो. तेव्हापासून पाऊस ओसरला की नाणेघाटाची एक फेरी ठरलेली असते.

पहाटे साडेपाचला निघालो. शिवनेरीवर अजून अंधार होता. आपटाळ्याला चहा घेतला तेव्हा उजाडलं आणि धुक्यातून चावंड किल्ल्याचा कातळ हळूहळू वर आला. तिथून पुढे रस्ता चढ-उतारांचाच. या दिवसांत तो जसा दिसतो तसा वर्षात पुन्हा दिसत नाही. लवकर येणारी हळवी भातं निसवली होती, त्यांच्या लोंब्या बाहेर आल्या होत्या; उशिरा येणारी गरवी अजून पोटरीत होती. बांधावर गुलाबी तेरडा; उतारावर सोनकी आणि मध्येच एखादं खुरासणीचं शेत, ते सगळं पिवळं. गवतावर इतकं दव होतं की आमचे पाय पोटरीपर्यंत भिजले. मोटारीतून हे दिसत नाही असं नाही, पण चढावर सायकल माणसाच्या चालीनं चालते. त्यामुळे कुठल्या खाचरात पाणी कमी पडलंय आणि कुठल्या ओढ्याचा आवाज मागच्या खेपेपेक्षा बारीक झालाय, तेही कळतं. एका वाडीपाशी पोरं धावत आली, "आज्जी, सायकल! आज्जी, सायकल!" असं ओरडत चढ संपेपर्यंत बरोबर पळाली. त्यांच्या जोरावर मी तो चढ न उतरता पार केला.

नाणेघाटात पोचल्यावर लोक दगडी रांजणापाशी आणि कड्यावर गर्दी करतात. मी आधी लेण्यात जाते. सातवाहनांची राणी नागनिका हिचा तिथला ब्राह्मी लेख दोन हजार वर्षांहून जुना आहे. यज्ञात कोणती दक्षिणा दिली त्याची त्यात यादी आहे आणि त्या यादीत आकडे आहेत. एका यज्ञाची दक्षिणा सांगताना 'बारा' हा शब्द लिहिला आहे आणि त्याच्यापुढे पुन्हा १२ हा आकडा कोरला आहे. बारा गाई आणि एक घोडा. आजही आपण बँकेच्या धनादेशावर रक्कम अक्षरी आणि अंकी लिहितो, तसंच. त्या काळी शून्य नव्हतं. दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी चिन्हं होती. जुन्नरच्या मुलांना मी तीस वर्षं स्थानिक किंमत शिकवली आणि स्थानिक किमतीच्या आधीचं गणित आमच्याच तालुक्यात कातळावर कोरलेलं आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. मैत्रिणींना दर वर्षी मी हे सांगते आणि त्या दर वर्षी ऐकून घेतात.

घाटमाथ्यावर वाऱ्यात बसून भाकरी आणि खुरासणीची चटणी खाल्ली. खाली मुरबाडकडचं कोकण ढगांत होतं, बाजूला जीवधन किल्ला. लेण्याजवळची पाण्याची टाकी पाहून आमची दुकानदार मैत्रीण म्हणाली, "कल्याण-सोपाऱ्याहून माल घेऊन माणूस हा घाट चढून येणार, तर त्याला तहान लागणार, हे त्या लोकांनी आधीच धरलं होतं." हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहिते आहे, कारण पुढचं पत्र त्याबद्दलच आहे.

परतीला एका उतारावर वळणातून दोन मोटारी समोरून आल्या. मागची पुढचीला ओलांडत होती, म्हणजे आमच्या बाजूला. आमची पतसंस्थेतली मैत्रीण पुढे होती. तिनं सायकल डावीकडे घेतली. डांबर संपलं आणि खाली साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मुरमाची पट्टी, नव्हतीच, चर होता. पुढचं चाक खाली गेलं, डांबराच्या कडेला घासलं आणि ती हातावर पडली. मोटारी थांबल्या नाहीत. मनगट मोडलं होतं, ते आमच्या परिचारिका मैत्रिणीनं पाहताक्षणी सांगितलं.

जवळच्या घरातून एक बाई धावत आली. तिनं बांबूच्या दोन कामट्या आणि जुन्या लुगड्याची पट्टी आणून दिली, पाणी पाजलं, नवऱ्याला जीप शोधायला पाठवलं. आम्ही तिचे आभार मानत होतो तर ती म्हणाली, "आमची पोर बी ह्याच रस्त्यानं साळंत जाती सायकलवर. गाडी आली का उतरून उभी ऱ्हाती. मी दारात बसून वाट बघती."

ते ऐकून मला पुढचे दोन दिवस चैन पडली नाही. आम्ही वर्षातून एकदा हौसेनं जातो. ती मुलगी रोज जाते. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बायका रोज जातात. त्यांना गाडीला वाट द्यायला त्याच चरात उतरावं लागतं. पुढच्या बुधवारी मी एसटीनं पुन्हा गेले, बरोबर मापाची टेप घेतली. मैत्रीण पडली तिथे डांबराची कड आणि खालची माती यांत साडेसोळा सेंटीमीटरचा फरक आहे. सायकलच्या चाकाला तिथून परत वर चढता येत नाही, दुचाकीलाही तिरकं चढता येत नाही. चाक कडेला घासत जातं आणि तोल जातो.

हे का होतं ते समजायला अभियंता असण्याची गरज नाही. दर खेपेला जुन्या डांबरावर नवा थर पडतो, रस्ता तेवढा वर येतो, पण बाजूची पट्टी तितकी वर आणली जात नाही. आधी टाकलेला मुरूम इथल्या पावसात वाहून जातो. मग उघड्या पडलेल्या कडेवर मोटारींची चाकं चढतात, कड तुटते, तुटलेल्या जागेतून पाणी डांबराखाली शिरतं आणि नवा केलेला रस्ताही आतून पोकळ होतो. म्हणजे साइडपट्टी न भरून पैसाही वाचत नाही.

ज्यांच्याकडे हा रस्ता आहे त्यांना माझी विनंती आहे की, दोन्ही बाजूंना मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून पट्टी डांबराच्या पातळीला आणावी आणि तिला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्यावा, म्हणजे पाणी कडेला न साचता बाहेर वाहून जाईल. नुसता ढीग टाकून जाऊ नये. तसा टाकलेला मुरूम पहिल्या वळवात निघून जातो. आंधळ्या वळणांवर बहिर्गोल आरसे लावावेत. हे काम आत्ताच व्हायला हवं. जमिनीत ओल आहे तोवर मुरूम नीट बसतो आणि दिवाळीच्या सुट्टीत गाड्यांची रीघ लागते.

पर्यटकांनाही मनापासून सांगते, तुम्ही या, जरूर या. इथल्या लोकांना तुमच्या येण्याने चार पैसे मिळतात. पण घाटघर गावाच्या बाजूच्या वळणांवर पुढची गाडी ओलांडू नका. तुमची पाच मिनिटं वाचतात तेव्हा समोर कोणीतरी सायकलवरून उतरून चरात उभं असतं.

मैत्रिणीचं प्लॅस्टर सहा आठवड्यांनी निघेल. तिची सायकल मी दुरुस्तीला टाकली आहे, पुढची रिम बदलावी लागली. हाताला जोर आला की आम्ही चौघी पुन्हा जाणार आहोत. त्या बाईंचं लुगड्याचं कापड धुऊन ठेवलं आहे, ते परत द्यायचं आहे, आणि टेपही बरोबर नेणार आहे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, जुन्नर